थकबाकीत गेलेला प्रासाद

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी आम्ब्वाज नावाचे टुमदार गाव आहे. लिओनार्दो दा विंचीचे 1519 मध्ये येथेच निधन झाले, त्यामुळे प्रवाशांची वर्दळ बारमाही असते. बहुतेक प्रवासी येथील गढी पाहून मोटारीने पुढे जातात. मात्र भाड्याची सायकल घेऊन दक्षिणेकडे वळणाऱ्यास अधिक काही लाभते. शेर नदीवरील शेनाँसोचा प्रासाद येथून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. रमतगमत गेले तरी दीड तास पुरतो.

खरा श्रम आरंभीच आहे. ल्वारचे खोरे सोडताना रस्ता चढू लागतो आणि सवय नसलेल्याची दमछाक होते. तो टप्पा ओलांडला की पठार लागते, मग आम्ब्वाजचे जंगल. रस्त्याच्या दुतर्फा ओकची झाडे, मध्येच गव्हाचे शेत, कुठे द्राक्षमळे. घरे या भागातील पांढऱ्या मऊ दगडाची. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे आपल्याकडील माणसास ठाऊक असते. पण खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावी लागते, हा नियम पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. खाण्याचे म्हणावे तर गावोगावी पाव आणि फळे मिळतात. शेळीच्या दुधाचे चीज या प्रांताची ख्याती खरी, परंतु ते बहुधा वासराच्या जठरातील विरजणाने बनते. तेव्हा पिशवीत खाखरा असलेला बरा.

उतार संपला की शेरचे खोरे येते आणि चिनार जातीच्या उंच झाडांच्या रांगांमधून प्रासाद दृष्टीस पडतो. तो नदीच्या काठावर नसून प्रत्यक्ष प्रवाहात, कमानींवर उभा आहे. त्याच्या सौंदर्याची वर्णने विपुल आहेत. व्यापारी घरातल्या माणसाने मात्र त्याची खतावणीही पाहावी.

मूळ मालक मार्क घराणे कर्जात बुडाले आणि 1513 मध्ये ही मालमत्ता तोमा बोइये याच्या हाती आली. हा नॉर्मंडीच्या राजस्वाचा अधिकारी. त्याने जुना एक बुरूज राखून बाकी सारे पाडले आणि पाणचक्कीच्या पायावर नवे घर उभारले. तो स्वतः राजाच्या मोहिमांत गुंतलेला असल्याने बांधकामावर देखरेख केली ती त्याच्या पत्नीने, कातरीन ब्रिसोने हिने. बोइये 1524 मध्ये वारला, दोन वर्षांनी तीही गेली. मग सरकारी हिशेबांची तपासणी झाली, बोइयेच्या नावावर मोठी बाकी निघाली, आणि 1535 मध्ये मुलाला ती फेडण्यासाठी प्रासादच राजा पहिला फ्रान्स्वा याच्या स्वाधीन करावा लागला. बापाने सरकारी पैशाची उलाढाल केली, आईने घर बांधले, आणि भरपाई मुलाने केली.

पुढे दुसऱ्या आंरीने 1547 मध्ये तो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातिए हिला दिला. बाई व्यवहारचतुर होती. राजाच्या देणगीवर विसंबून न राहता तिने अनेक वर्षे कायदेशीर खटपट केली आणि 1555 मध्ये मालकीहक्क पक्का करून घेतला. नदीवरचा पूलही तिनेच बांधविला. परंतु 1559 मध्ये राजा मरण पावताच राणी कातरीन द मेदिसी हिने तिला शोमों येथील गढी घेऊन शेनाँसो सोडण्यास भाग पाडले. दस्तऐवज निर्दोष होते. पाठीराखा उरला नव्हता. राणीने त्या पुलावर साठ मीटर लांबीचे दालन चढविले.

एकोणिसाव्या शतकात मादाम पेलूझ हिने 1864 मध्ये प्रासाद घेतला आणि जीर्णोद्धारावर इतके द्रव्य ओतले की 1888 मध्ये तो धनकोंच्या ताब्यात गेला. एकाच वास्तूवर, साडेतीनशे वर्षांच्या अंतराने, दुसरी जप्ती!

1913 मध्ये तो विकत घेतला आंरी मेनिए याने. मेनिए म्हणजे औषधांच्या धंद्यातून चॉकलेटकडे वळलेले घराणे. औषधाच्या गोळीचा कडवटपणा झाकण्यासाठी चॉकलेट वापरता वापरता तोच त्यांचा मुख्य माल झाला. प्रासाद आजही याच कुटुंबाकडे आहे आणि तिकीट काढून कोणासही आत जाता येते.

आंरी त्याच वर्षी वारला. पहिल्या महायुद्धात त्याचा भाऊ गास्तों याने स्वखर्चाने त्या दालनात रुग्णालय उघडले. तेथे 2,254 जखमी सैनिकांवर उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात, 1940 नंतर, शेर नदी हीच जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधील सीमा ठरली. मुख्य दरवाजा जर्मनांच्या बाजूला, दालनाचे दक्षिणेकडील दार पलीकडच्या मुक्त काठावर. राणीने नृत्यासाठी बांधविलेल्या त्या दालनातून कित्येकांनी जीव वाचवून नदी ओलांडली.

आज पाहुणे त्याच दारातून दक्षिण तीरावर फेरी मारून येतात. परतताना पाय दुखत असतील, तर शेनाँसोचे रेल्वे स्थानक प्रासादाच्या फाटकालगतच आहे. तूरकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत सायकल ठेवता येते. गाड्या मात्र दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून आत शिरण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे.