गांधीबागेतला छोटा हत्ती

'मॉडेल कार' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोनच प्रकारचे चेहरे बघायला मिळतात. एक "हे काय लहान मुलांचं!" म्हणणारा आणि दुसरा "भाऊ, परवडते का आपल्याले?" म्हणणारा. पहिला चेहरा बहुधा स्टाफ रूममध्ये सापडतो, दुसरा हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये. या दोन्ही चेहऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी लहान मुलांचं बघू. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या मित्रांसाठी सांगतो: त्या दिवशी पोरं चाकांवरचा लाकडी नंदी सजवतात, घरोघरी नेतात आणि बोजारा वसूल करतात. ही प्रथा भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. आता तो नंदी नीट बघा. वशिंड कुठे, शिंगांचा बाक किती, पाय शरीराच्या मानाने किती जाड... चांगल्या सुताराच्या नंदीत हे सगळं बरोबर उतरलेलं असतं. दुसरं काय असतं हो स्केल मॉडेल म्हणजे? पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे काचेपाशी नाक लावून उभे असलेल्यांत आजोबाही असतात. आणि मोटार कंपन्यांचं म्हणाल, तर कॉम्प्युटरवर सगळं डिझाइन होत असतानाही नव्या गाडीचं मातीचं मॉडेल आजही बनवलं जातं. पडद्यावर न दिसणारा फुगवटा हाताला लागतो, म्हणून. तेव्हा स्टाफ रूमला एवढं उत्तर पुरे.

दुसऱ्या चेहऱ्याला उत्तर द्यायला मात्र जरा वेळ लागेल.

आमच्या विंगमध्ये चार-पाच जण असे आहेत, की ज्यांनी मॉडेल बनवण्याचे शेकडो व्हिडिओ बघितले आणि मॉडेल एकही बनवलं नाही. का? तर टामियाचं किट काही हजारांचं, वर एअरब्रश, वर कॉम्प्रेसर, वर ते इम्पोर्टेड रंग. "नोकरी लागली की घेऊ बे!" म्हणजे छंद चार वर्षं पुढे ढकलला, आणि नोकरी लागल्यावर वेळ कोणाला आहे? माझं स्पष्ट मत आहे की पहिली गाडी किटची नसावीच. किटमध्ये मोजमाप दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेलं असतं. कुठली रेघ महत्त्वाची, कुठला नट दाखवायचा, कुठला सोडायचा, हे सगळं जपानमध्ये बसून आधीच ठरलेलं. आपल्या वाट्याला उरतं चिकटवणं. आणि गाडी कोणती? तर जी आपण जन्मात समोर बघितली नाही अशी फेरारी. तिच्या दाराखाली धूळ कशी बसते, हे मला काय माहीत?

त्यापेक्षा मेट्रो पकडा आणि अग्रसेन चौकाला उतरा. गांधीबागेच्या कापड बाजारात सकाळी दहा-साडेदहाला गाठी उतरवायला गाड्या लागतात. त्या गर्दीत एक तरी छोटा हत्ती उभा असतोच. टाटाने 2005 मध्ये 'एस' या नावाने तो आणला. नाव लोकांनी बदललं, आणि नुसत्या नावावरून बघा लोकांना गाडी किती आवडली ते! गिरीश वाघ यांच्या टीमने तो बनवण्याआधी तीनचाकीवाल्यांशी बोलून त्यांना नेमकं काय पाहिजे ते समजून घेतलं होतं. हीच टीमलीडरी पुढे नॅनोच्या वेळीही त्यांच्याकडे आली. पण मॉडेल बनवणाऱ्याच्या दृष्टीने या गाडीचा खरा गुण वेगळाच आहे. ती जवळजवळ सगळी सपाट आहे! मागचा डाला म्हणजे सरळ पेटी, केबिनला मोजकेच बाक. पहिल्या प्रयत्नात ॲम्बेसेडर घ्याल तर तिच्या गोल गालांपुढे रडकुंडीला याल. छोटा हत्ती नवशिक्याला सांभाळून घेतो.

आता मोजमाप. आपल्यातल्या किती जणांनी फर्स्ट इयरची ड्रॉइंग शीट खरोखर स्वतः काढली? हात वर करू नका, मला माहीत आहे. खाली ट्यूबलाइट, वर काच आणि टॉपरची शीट... जीटी मारून आपण सगळे पास झालो आहोत. त्यामुळे 'स्केल' हा शब्द आपल्याला फक्त शीटच्या कोपऱ्यात लिहायला येतो. गाडी मोजायला बसलं की तो पहिल्यांदा अंगाला भिडतो. ड्रायव्हरदादांना विचारा, नाही म्हणत नाहीत. उलट "कायले पाहिजे भाऊ?" म्हणून स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतात. लांबी 3800 मिलिमीटर, रुंदी 1500, दोन चाकांतलं अंतर 2100. मॉडेल प्रकारानुसार थोडा फरक पडतो, म्हणून समोरची गाडी मोजायचीच. सगळ्याला 24 ने भागा. लांबी 158, रुंदी साडेबासष्ट, व्हीलबेस साडेसत्याऐंशी. गाडी तळहातावर आली! (24 च का? एक फुटाला अर्धा इंच, असा तो जुना इंग्रजी हिशोब आहे.) फोटो काढताना जवळून काढू नका. जवळून जे पुढे आहे ते फुगतं. लांब जाऊन झूम करा, आणि फोटोत टेप दिसू द्या.

सामानासाठी त्याच बाजारात राहायचं. कापडाच्या ताग्याच्या आत जो पुठ्ठा असतो तो दुकानदार फेकूनच देतात. शर्टाच्या घडीतला पातळ पुठ्ठा, बॉक्सवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद... काचा झाल्या की हो! बाहेरच्या पत्र्यासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. प्रोजेक्टवाले वापरतात तो 3 मिलिमीटरचा सनबोर्ड मात्र बॉडीला वापरू नका. त्याला 24 ने गुणा, म्हणजे सव्वासात सेंटीमीटर जाडीचा पत्रा झाला. तो रणगाडा दिसतो. चाकांसाठी साधारण 22-23 मिलिमीटरचे रबरी वॉशर लागतात. मी हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर काढून एकेक वॉशर मोजायला लागलो, तेव्हा शेठजी म्हणाले, "इंजिनिअर साब, नल लगाना है या रॉकेट?" पण डबा पूर्ण उघडून दिला. माझ्या गाडीचं रंगासकट सगळं सामान चारशे रुपयांच्या आत बसलं.

पुठ्ठा कापताना ब्लेड नवी घ्या आणि एका झटक्यात कापायचा हट्ट सोडा. हलक्या हाताने चार वेळा फिरवली की कड स्वच्छ येते. जोडणीनंतर सगळ्या कडांवर पातळ फेविक्विक चोळलं की पुठ्ठा लाकडासारखा कडक होतो आणि पॉलिश पेपरने घासता येतो. हे उघड्या खिडकीपाशी करा, डोळे झोंबतात. फटी पुट्टीने भरा. डेंटिंगवाले जिला 'लांबी' म्हणतात ती चालेल. बास, जोडणीबद्दल यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. ते हातालाच कळतं.

रंगाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. कारण चांगली जमलेली गाडी रंगाच्या वेळी हातची जाते आणि पोरं तिथेच छंद सोडतात. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. तोच थर आपल्या मॉडेलवर बसला तर तो खऱ्या गाडीवर 2.4 मिलिमीटर रंग दिल्यासारखा दिसणार! दाराच्या फटी तर खऱ्या गाडीतच चार-पाच मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडे 0.2. ब्रशने एक जाड हात मारला की फटी बुजल्या आणि गाडीचा साबण झाला. म्हणून पातळ थर. पहिल्या थरानंतर खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. दुसऱ्यानंतरही थोडा दिसू दे. घाई करून तिसरा जाड मारायचा मोह होतो, त्याच क्षणी खाली मेसमध्ये चहाला जावं.

हे शिकायला व्हिडिओपेक्षा चांगली जागा आहे. मेट्रोचं पुढचंच स्टेशन, चितार ओळी. गणपतीच्या आधी महिनाभर तिथे नुसतं उभं राहून बघा. मूर्तिकार आधी सगळीकडे पांढरा अस्तराचा हात देतात. मग गन एका जागी न थांबवता फिरवत पातळ फवारे मारतात. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच संपतो. आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, करंगळी टेकवून, श्वास रोखून. आपल्या खिडकीचं काळं रबर, हेडलाइटची कड, वायपर हे सगळं त्याच पद्धतीने करायचं. स्प्रेचा डबा असो की ब्रश, नियम तोच. माझ्या मते नागपूरच्या मॉडेलवाल्यांचं हे खरं विद्यापीठ आहे. तिथे फी नाही, फक्त मधेमधे येऊ नये एवढीच अट.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की स्प्रेचा थेंब गाडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो, आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना थंडावा होतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला सीझन. सेमिस्टरच्या परीक्षा मधे येतात, त्याला इलाज नाही. आणखी एक, इनॅमलवर एनसीचा थर कधी देऊ नका, खालचा रंग सुरकुततो. ज्यांच्याकडे प्लॅस्टिकचं किट आहे त्यांनी एनसी थिनरपासून जपून, ते प्लॅस्टिक खातं. आणि खोलीत दार लावून स्प्रे मारणाऱ्यांना वॉर्डन सरांनी हाकलून दिलं तर मी सरांच्या बाजूने आहे. गच्ची आहे ना! मास्क लावा, आणि जवळपास कोणी सिगारेट पेटवत नाही ना ते बघा.

प्रायमर मारला की गाडी एकदम भयाण दिसते. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा वर येतो. माझा रूम-पार्टनर या टप्प्यावर गाडी डस्टबिनमध्ये टाकायला निघाला होता. अरे बाबा, प्रायमरचं कामच ते आहे! जे डोळ्याला दिसत नव्हतं ते त्याने दाखवलं. सहाशे नंबरचा पेपर, थोडं पाणी, परत लांबी, परत प्रायमर. दोन संध्याकाळी जातात. पार्टनरची गाडी आता माझ्यापेक्षा गुळगुळीत आहे, हे इथे नाइलाजाने नोंदवतो.

शेवटी गाडी वापरातली दिसायला हवी. मागची नंबर प्लेट पिवळी, अक्षरं काळी, 14 बाय 8 मिलिमीटर. एमएच 31 किंवा 49. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचं की नाही ते तुमचं वर्ष ठरवा, कारण 2015 मध्ये महाराष्ट्रात त्यावर बंदी आली. परदेशी पुस्तकांत चिखल तांबूस दाखवतात. आपली माती काळी, वाळली की राखाडी. हॉस्टेलमागचीच थोडी माती कपड्यातून गाळा आणि चाकांच्या वर कोरड्या ब्रशने चोळा. डाल्याच्या कडेचा रंग दोरांनी घासून कुठे उडतो, तेही गांधीबागेतच बघून या. गंज नेमका कसा उतरतो ते बघायचं असेल तर जुन्या लोखंडासाठी मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहेच.

काही जण म्हणतील, कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असताना हा खटाटोप कशाला? चाकं खुशाल प्रिंट करा, मीही करणार आहे. पण प्रिंटच्या थरांच्या रेषा घासाव्या लागतात, प्रायमर लागतो, रंग हातानेच द्यावा लागतो. आणि प्रिंटरला माप कोण देणार? नेटवरून उतरवलेली फाइल म्हणजे नव्या जमान्याची जीटीच की! फायनल इयरला बाजारातून तयार प्रोजेक्ट आणणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. संपादक कापतील.

एका गोष्टीची मला खरंच घाई आहे. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 मध्ये गेली. ॲम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. बजाज टेम्पोचा तो तीनचाकी टेम्पो, ज्याच्यावरून मराठीत 'टेम्पो' हा शब्दच रुजला, आता भंगारातही मुश्किलीने सापडतो. यांची धड किट कोणी काढली नाहीत, काढतील असंही वाटत नाही. छोट्या हत्तीचीही पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. वाडीकडे एका गॅरेजच्या मागे तसला एक तीनचाकी टेम्पो अर्धा गवतात उभा आहे. मालकांना विचारून ठेवलंय, "दिवाळीपर्यंत राहील, मग काट्यावर जाईल" म्हणाले. येत्या रविवारी सकाळी मोजायला जातो आहे. टेप, कॅमेरा माझ्याकडे आहे. दुसरं टोक धरायला आणि आकडे लिहून घ्यायला दोन जण पाहिजेत. नाश्ता माझ्याकडून, तर्री पोहे.