लांबी भरून मिळेल

लांबी म्हटलं की ज्यांना फक्त रुंदीची जोडीदारीण आठवते, ते लोक भाग्यवान. मी म्हणतोय ती सुताराच्या डब्यातली. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा. लाकडाला भोक पडलं, चीर गेली, टवका उडाला की गोळा दाबायचा, वाळला की पॉलिशपेपर मारायचा, वर पॉलिशचे दोन हात द्यायचे. हल्ली ती तयार डब्यात मिळते, तीही 'सागवानी' रंगाची. तिच्यात सागवान सोडून बाकी सगळं सागवानी असतं.

लांबीशी माझं वैयक्तिक भांडण नाही. खिळ्याच्या डोक्यावरचा खळगा बुजवावा तर तिनंच. पण आमच्या झरीत लोक तिला लाकडाच्या ठिकाणी मानतात, आणि माझा विरोध आहे तो इथं.

मी बँकेतला कारकून, त्यात बी.कॉम. तेरीज जुळली नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा, ही आमची लांबी. पण तो फरक आम्ही नंतर शोधतो तरी. निदान ऑडिटर यायच्या आत. लाकडातलं सस्पेन्स खातं पॉलिशखाली जातं आणि कायमचं बंद होतं.

आमच्या शेजारच्या तात्यांचं कपाट घ्या. किनवटकडचं सागवान, निजामाच्या राज्यातलं, म्हणजे १९४८ च्या आधीचं काम. ओल धरून मागचे दोन पाय चांगले चार बोटं कुजलेले. घरात पाहुणे मुलगी बघायला येणार, म्हणून मिस्त्रीला बोलावणं गेलं.

मिस्त्री म्हणाला, "तात्या, कुजकं कापून टाकावं लागंल. तिरका काप देऊन नवं सागवान जोडतो. दोन दिवस जातील."

"अन् मजुरी?"

मिस्त्रीनं आकडा सांगितला. तात्या म्हणाले, "लांबी भर ना बाबा! पाव्हणे काय वाकून पाय बघणारेत?"

मिस्त्रीनं मुकाट्यानं लांबी भरली. आता मला सांगा, अंगावर शालू, पैठण्या आणि तीन गाद्या घेऊन उभं राहणारं कपाट खडूच्या पुडीवर किती दिवस उभं राहील? लग्न जमलं. कपाट पोळ्यापर्यंतही टिकलं नाही.

फटींचंही तेच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या घरात जातो. लाकूड वाळतं, आडव्या अंगानं आकसतं, फळ्यांमध्ये फट पडते. ती पाहून लोक ताबडतोब लांबी ठासतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. फुगायला जागा कुठाय? मग एक तर लांबी खपलीसारखी बाहेर येते, नाहीतर लाकूड दुसरीकडं तडकतं. म्हणजे एक फट बुजवून एक फट विकत घेतली!

किडीची भोकं बुजवणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. आधी औषध घालून किडा मारायचा असतो हो. नुसतं भोक लिंपलं तर आतल्याला काही फरक पडत नाही. तो लाकूड खात बसतो आणि बाहेर पडायच्या वेळी नवं दार पाडतो. काही हुशार मंडळी पांढऱ्या गोंदात भुसा कालवून भरतात. त्या जागी पॉलिश मुरतच नाही. धोतराला पँटचं ठिगळ लावावं तसा डाग उठतो.

मिस्त्रीला नावं ठेवणं सोपं. पण जोडाच्या मजुरीला कुरकुर करायची आणि लांबीचे पैसे हसत मोजायचे, हे गिऱ्हाइकाचंच धोरण. मिस्त्रीचा मुलगाही धंद्यात आलाय. त्याच्या हातात पटाशी क्वचित दिसते, पत्र्याची लांबीपट्टी मात्र कायम. जोड शिकून तो करणार काय? मागतंय कोण?

माझं मागणं एवढंच. खड्डा करंगळीच्या नखाएवढा असेल तर लांबी. त्याहून मोठा असेल तर लाकडाला लाकूड, रेषेला रेष जुळवून. जोड दिसला तर दिसू द्या, सांधा पक्का असला म्हणजे झालं.

तात्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं कपाट सध्या दोन विटांवर उभं आहे. विटांना त्यांनी सागवानी रंग मारून घेतलाय.