आधी बघा, मग क्लिक!

मी कॉन्व्हेंटवाली, मराठीत पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या!

मागच्या महिन्यात स्टेशनबाहेर झोपलेल्या एका हमालाचा फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाईट केला आणि होस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावला. सगळ्या म्हणाल्या, "सही आलाय!" फक्त मेसच्या मावशी म्हणाल्या, "अगं, दमून झोपलाय तो. त्यात बघायचं काय?" मला उत्तर देता येईना.

मग रघू राय यांचा १९९५ मधला चर्चगेट स्टेशनचा फोटो पुन्हा पाहिला. शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं की हलणारं पुसट होतं, थांबलेलं स्पष्ट राहतं. इथे लोकलची गर्दी धुरासारखी वाहतेय आणि पेपर वाचणारे तेवढे स्पष्ट! मुंबईच्या धावपळीत माणूस स्वतःपुरती शांत जागा कशी शोधतो, ते एका फ्रेममध्ये कळतं.

मला वाटतं, नुसता नकळत टिपला म्हणून फोटोला अर्थ येत नाही. माणसाचं भोवतालच्या जगाशी नातं दिसलं, तरच येतो. माझ्या फोटोत हमाल नव्हताच, होती फक्त त्याची गरिबी. तीही मला आयती मिळालेली.

बोर्डावरून तो फोटो मी उतरवलाय. मावशी, तुमचं बरोबर होतं.