ठिणगी केव्हा पडावी?

विद्यार्थी मित्रांनो, पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडली पाहिजे? दट्ट्या मिश्रण पुरते दाबून माथ्याशी पोचला की त्याच क्षणी, असे तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील. पुस्तकातील आकृतीवरूनही तसेच वाटते. पण जुन्या मोटारी दुरुस्त करणारा कोणताही मेस्त्री हसून सांगेल, "एवढा उशीर केलात तर गाडी चढावर दम टाकील." ठिणगी त्याआधीच पडावी लागते.

असे का? थोडा हिशेब करू. मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत ठिणगीपासून पसरत जाते. त्याला 2 सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. मिनिटाला 1000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा 60 सहस्रांश सेकंदांत होतो. म्हणजे तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट 12 अंश फिरतो. फेरे 3000 झाले, तर तेवढ्याच वेळात तो 36 अंश फिरेल! हे आकडे ढोबळ आहेत. पण वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी का पाडावी लागते, हे त्यांवरून कळते. जुन्या मोटारीत हे काम डिस्ट्रिब्युटरमधील दोन लहान वजने करतात. वेग वाढला की ती स्प्रिंगांचा ताण झुगारून बाहेर सरकतात आणि ठिणगीची वेळ अलीकडे आणतात. वर्गात शिकलेले अपकेंद्री बल येथे डोळ्यांनी दिसते.

ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा दाब येतो आणि इंजिन टकटक वाजू लागते. उशिरा पडली, तर उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते, इंजिन तापते आणि पेट्रोल जास्त जळते.

आता माझे म्हणणे ऐका. जुनी मोटार भंगारात जाण्यापूर्वी तिचे टायमिंग निदान एकदा विद्यार्थ्यांच्या हातून लावले जावे. त्यासाठी महाग उपकरण नको. 12 व्होल्टचा लहान दिवा, दोन वायरी आणि पाने पुरेत. प्रथम पॉइंटमधील फट माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवावी. इंजिन बंद ठेवून ते त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे आणि पहिल्या सिलिंडरसाठी पुलीवरील खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणावी. दिवा पॉइंटची वायर आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये जोडावा. मग चावी फिरवून, डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करून तो आधी रोटरच्या दिशेने दिवा विझेपर्यंत वळवावा आणि नंतर उलट दिशेने हळूहळू आणावा. दिवा लागला की पॉइंट उघडले. तोच ठिणगीचा क्षण! तेथेच क्लँप आवळावा.

येथे एक कोडे आहे. डिस्ट्रिब्युटर 1 अंश वळवला, तर टायमिंग किती बदलेल? 1 नव्हे, 2 अंश. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एकच होतो. याचे कारण तुम्हीच शोधा.

काही जण म्हणतील, "हे सगळे मेस्त्री कानाने करतो." खरे आहे, आणि त्या कानामागे वर्षांची मेहनत असते. पण तो कान दुसऱ्याला देता येत नाही. पुलीवरची खूण मात्र कोणालाही दाखवता येते. विज्ञानाची सुरुवात तेथेच होते.

दुसरा आक्षेप असा, की हे तंत्र आता जुने झाले. तेही खरे. कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर राहावी असे मीही म्हणणार नाही. पण आजच्या मोटारीत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो आणि बंद डबीत काय चालते ते आपल्याला दिसत नाही. तो संगणक जे गणित सोडवतो, तेच गणित जुन्या इंजिनात दोन वजने आणि दोन स्प्रिंगा उघड्यावर सोडवतात. शिकायला याहून चांगले साधन कोणते?

शिक्षकांना एक विनंती. जवळच्या गॅरेजमधील मेस्त्रींना अर्धा दिवस शाळेत बोलवा आणि त्यांच्या देखरेखीखालीच हा प्रयोग करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना अडण लावलेली असावी. इंजिन फिरवताना चावी बंदच हवी. कॉइलची जाड वायर काढून आधीच धातूला टेकवून बांधावी. तिचा धक्का जबर असतो. चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते. आणि बंद जागेत इंजिन कधीही चालू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मित्रांनो, दिवा लागताना एकदा पाहा. मग पुस्तकातील ती आकृती पुन्हा उघडा. ती तुम्हाला वेगळी दिसेल.