साठ लाखांचं घर आणि अठरा हजारांचा जीव वर-खाली

जुना फ्लॅट घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण टोकन द्यायच्या आधी वाचा.

माझा भाचा डोंबिवलीत वन बीएचके घेतोय. बिल्डिंग सत्तावीस वर्षांची, किंमत साठ लाख. परवा म्हणाला, "मामा, इंजिनिअर तपासणीचे अठरा हजार मागतोय. द्यायचे का? बँकेचा माणूस येऊन बघून गेलाय की!"

मी त्याला हिशोब मांडायला लावला. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, म्हणजे चार लाखांच्या आसपास. नोंदणी फी तीस हजार. एजंटचे एक टक्क्याने साठ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट वेगळा. हे सगळं आपण मुकाट देतो. आणि ज्या स्लॅबखाली उद्या पोरंबाळं झोपणार, तो बघायचे अठरा हजार मात्र जिवावर येतात.

हे मी शहाणपणातून नाही, ठेच लागल्यावर बोलतोय. 2016 मध्ये मी घर घेतलं तेव्हा हॉलमध्ये नवंकोरं पीओपी होतं. बायको खूश, मीही खूश. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्या पीओपीसकट स्लॅबचा तुकडा जेवणाच्या टेबलावर आला. वर बघतो तर गंजून फुगलेल्या सळ्या. नंतर कळलं की सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट मी घर घ्यायच्या आधीच झालं होतं. शेरा होता सी-2बी, म्हणजे घरं रिकामी करायची गरज नाही, पण स्ट्रक्चरची दुरुस्ती हवी. रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात होता. मी विचारला नाही, कोणी सांगितला नाही. माझ्या वाट्याला एक लाख पंच्याऐंशी हजार आले. आधी माहीत असतं तर तेवढे किमतीतून कमी करून मागितले असते, नाहीतर दुसरं घर बघितलं असतं.

आता बँकेच्या माणसाबद्दल. तो येतो ते बँकेचं कर्ज बुडणार नाही ना, हे बघायला. घराची किंमत काय, बांधकाम नकाशाप्रमाणे आहे का, हे त्याचं काम. गच्चीवरच्या टाकीखालची ओल, तळमजल्याच्या कॉलमला गेलेल्या उभ्या भेगा, दुकानदाराने जागा मोठी करायला फोडलेली भिंत, हे तुमच्यासाठी बघायला त्याला कोणी पाठवलेलं नसतं. 2017 मध्ये घाटकोपरची इमारत पडली, 17 माणसं गेली. तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडेच बोट दाखवलं गेलं.

काहीजण म्हणतील, इंजिनिअर काय डोळ्यांनी एक्स-रे काढणार? बरोबर आहे. एका फेरीत सगळं कळत नाही. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक वगैरे चाचण्या अख्ख्या इमारतीच्या असतात, त्या सोसायटीनेच करायच्या. आदर्श उपविधीत तसं लिहिलंय: इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी ऑडिट, 30 च्या पुढे गेली की दर 3 वर्षांनी. म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. विकणाऱ्याला सांगा, शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि दुरुस्तीची बिलं सोसायटीतून काढून द्या. तो सभासद आहे, तो मागू शकतो. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

रिपोर्ट हातात आला की इंजिनिअरला घेऊन जा. फक्त फ्लॅट दाखवू नका. गच्ची, टाकी, जिना, पार्किंगमधले कॉलम आणि जमलं तर खालच्या घरातलं बाथरूमचं छत, सगळं दाखवा. आणि टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: तपासणी समाधानकारक नसेल तर रक्कम परत.

नवीन बिल्डिंग असेल तर? ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत स्ट्रक्चरच्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्याने बिल्डरवर टाकलीय, तो आधार आहे. पण नुसत्या वयावर जाऊ नका. 2020 मध्ये महाडला पडलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीसुद्धा नव्हती.

माझं मत सरळ आहे. बिल्डिंग पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर हे पैसे खर्चात धरूनच घर बघायला निघा. परवडत नसतील तर घराचं बजेट थोडं खाली आणा, तपासणी गाळू नका.

आणि सोसायटी कमिटीवाल्यांना हात जोडून विनंती. ऑडिटचा निष्कर्ष एका पानावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. "भाव पडतील" म्हणून कपाटात ठेवलेला रिपोर्ट इमारतीला मजबूत करत नाही. नवीन येणारा माणूस उद्या तुमचाच शेजारी असतो, दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडूनही मागायचाय.

भाच्याने शेवटी तपासणी केली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोडलं तर मोठं काही निघालं नाही. आता म्हणतो, "मामा, अठरा हजार फुकट गेले." मी म्हटलं, बाळा, फुकट गेले हे कळायलाच ते दिले होते.

तुमच्या सोसायटीचं शेवटचं ऑडिट कधी झालं? माहीत नसेल तर आज सेक्रेटरींना विचारा.