मॉनिटर बंद करून बसा

वझ्झरच्या आश्रमात वाढलेल्या माला पापळकर दृष्टिहीन आहेत. २०२४ साली त्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा अख्ख्या वऱ्हाडानं कौतुक केलं. राजेहो, कौतुक झालं. आता त्यांच्यामागून येणाऱ्या पोरापोरींना सरावासाठी बोलणारा कॉम्प्युटर कुठून द्यायचा ते सांगा.

कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न पेलणारी, पण धडधाकट यंत्रं अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतून आणि कचेऱ्यांतून भंगारात जायला निघाली आहेत. विंडोजवर एनव्हीडीए हा उत्तम फुकट स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, मान्य. पण या जुन्या यंत्रांना लिनक्सच तारेल आणि ओर्का स्क्रीनरीडरही फुकटच मिळतो.

अडतं ते लिनक्स बसवताना. माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले; त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि स्वतः शंभरावर रचले. त्यांना वाचक लागायचाच. आजच्या मुलीला मात्र स्वतःचा पासवर्ड टाकायलाही शेजारी डोळस माणूस का लागावा?

लागत नाही, हे डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारानं २०११ मध्ये सहाव्या आवृत्तीत दाखवून दिलं. पेनड्राइव्हवरून सुरू करा, एस दाबा, मग एंटर. नव्या आवृत्तीत काहीच न दाबता अर्धा मिनिट थांबलात तरी आवाज आपसूक सुरू होतो. भाषा कोणती, डिस्क पुसू का, सगळं कानावर पडतं. उत्तराचा आकडा टाकायचा. पुढं लॉगिनलाही ओर्का बोलतो. फक्त त्याआधीचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू होतानाची सेटिंगं, बहुतेक यंत्रांत मुकंच असतं. तिथं अजून मदत लागते आणि ती लाज यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची आहे.

पण ही सोय हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या थोड्या माणसांच्या जिवावर उभी आहे. डेबियनमध्ये सॅम्युअल तिबो वर्षानुवर्षं तिच्यामागं आहेत. ओर्का सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मला. २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतल्यावर तिथलं पाठबळ आटलं, तेव्हा तो जोनमेरी डिग्ज यांनी तगवला. एखाद्या नव्या आवृत्तीत साउंड कार्ड ओळखलं गेलं नाही तर डोळस माणसाच्या लक्षातही येत नाही. अंध माणसाचा कॉम्प्युटर मात्र सुरूच होत नाही.

म्हणून बडनेरा, शेगाव, बाभूळगावच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनो, एक रविवार काढा आणि डेबियन बसवून पाहा. मॉनिटर बंद, माउस बाजूला, कीबोर्ड अंध मित्राच्या हाती. तुम्ही गप्प बसा. आवाज कुठं थांबला, वायफायचा पासवर्ड टाकता आला का, रीस्टार्टनंतर पुन्हा बोललं का, सगळं लिहून घ्या आणि साध्या इंग्रजीत डेबियनला ईमेलनं कळवा. मोडकंतोडकं चालतं तिथं. ज्यांना मराठीची गोडी आहे त्यांनी ईस्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी आवाजाकडं वळावं. ‘चहा’ आणि ‘चमचा’ त्याच्याकडून म्हणवून घ्या. खटकलं तर उच्चाराचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत आहेत, दुरुस्ती सुचवा.

आणि प्राचार्य, कार्यालयप्रमुख हो, भंगाराच्या लिलावाची तारीख ठरवण्याआधी जवळच्या अंध विद्यालयाला एक फोन करा. किती यंत्रं लागतील ते विचारा, चालणारी वेगळी काढा आणि हेडफोनसकट पाठवा.