लाचारी सोडली, कृतज्ञता जोडू या!



आम्ही पेशाने कारकून. घरचा जमाखर्चही आम्हीच लिहितो. किराणा, वीजबिल, मुलांची फी, भिशीचा हप्ता, सारे वहीत असते. मात्र पहाटे उठून नळाचे पाणी कोणी भरले, चौघांचे डबे कोणी केले, आजीच्या गोळ्या आठवणीने कोणी दिल्या, हे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. हा हिशेब तोंडानेच मांडावा लागतो. त्याला योग्य वेळ एकच, सर्वांनी मिळून जेवायला बसण्याची.

आभाराचा विषय काढला की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. वतनाच्या नावाखाली गावाची पडेल ती कामे करायची, दारोदार भाकरी मागायची आणि घामाच्या त्या तुकड्यासाठीही ‘जोहार मायबाप’ म्हणून वाकायचे, हे त्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे निक्षून सांगितले. पुढे १९५८ च्या कायद्याने ते वतनही गेले. अशा माणसांच्या नातवंडांनी भाकरीसाठी कोणापुढे वाकू नये, हे खरेच. पण लाचारी वेगळी आणि कृतज्ञता वेगळी. लाचार माणूस भीतीपोटी हात जोडतो. कृतज्ञ माणूस दुसऱ्याचे कष्ट ओळखतो आणि ताठ मानेने तसे बोलून दाखवतो.

महामंगल सुत्तातील ३८ मंगलांमध्ये कृतज्ञतेची गणना आहे. अंगुत्तर निकायात दोन प्रकारची माणसे जगात दुर्मिळ म्हटली आहेत. एक, आपण होऊन दुसऱ्याचे भले करणारा. दुसरा, आपले भले कोणी केले हे जाणणारा आणि ते वागण्यातून दाखवणारा. म्हणजे नुसते मनात जाणून भागत नाही.

बाबासाहेबांनी हे स्वतः करून दाखवले. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर १९४० साली लिहून झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. विषय देशाच्या राजकारणाचा, पण पहिला मान संसारात सोबत सोसणाऱ्या पत्नीला! आपल्याला ग्रंथ लिहायचा नाही. आपल्या घरची रमाई समोर आहे, ऐकते आहे, तोवर दोन शब्द बोलायचे आहेत.

पण बोलणार केव्हा? आमच्या येरवड्यातल्या वस्त्यांतून कोणी कल्याणीनगरला धुणीभांडी करायला जाते, कोणी विमाननगरला रात्रपाळीच्या पहाऱ्यावर. मुलांचे क्लास वेगळ्या वेळी. ज्याला जशी सवड मिळेल तसा तो जेवतो. आई मात्र सर्वांत शेवटी, उरलेले कालवण पुसून घेऊन, एकटीच जेवते. म्हणून रोज जमले नाही तरी रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर रात्रीचे जेवण एकत्र करावे.

त्यासाठी काही गोष्टी सुचवतो. भाकरीची दुरडी आणि कालवणाचे पातेले मधोमध ठेवावे, ज्याचे त्याने वाढून घ्यावे. आई पंगतीत बसल्याशिवाय कोणी घास घेऊ नये. टी.व्ही. बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा फळीवर. मग प्रत्येकाने घरातल्या एकाचे नाव घेऊन त्याने आठवड्यात केलेले एक काम सांगावे. “सगळ्यांचे आभार” असे मोघम नको. “ताईने माझे गणित सोडवून दिले,” “पप्पा पगार झाल्याबरोबर थेट घरी आले,” असे नेमके बोलावे. टोमणा मारू नये. लहान मुलाला बोलायचे नसेल तर बळजबरी करू नये, ते ऐकते आहे एवढे पुरे. आणि ज्याने आईचे आभार मानले, त्याने त्या रात्रीची भांडी घासावीत. मुलगा असो की मुलगी! नाहीतर आभार फुकटचे ठरतील.

घराबाहेरच्या एका माणसाचेही नाव घ्यावे. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. त्यांत दलित समाजातल्या मायभगिनी मोठ्या संख्येने आहेत. आपल्या दारचा कचरा उचलणाऱ्या मावशींचे आभार मानायचे, तर जेवण झाल्यावर ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. फुटकी काच कागदात गुंडाळून द्यावी, म्हणजे त्यांचा हात कापणार नाही.

याला खर्च काही नाही. सुरुवातीला संकोच वाटेल, मुले हसतील. हसू द्या. दोन-तीन रविवारांत तीच आठवण करून देतील. येत्या रविवारी सुरुवात करा. आणि पहिले नाव, दिवसभर राबून शेवटी जेवणारीचे घ्या.

जयभीम!